विश्लेषण : गप्पी, मोली, स्वॉर्डटेल... घरच्या टाकीत नर मासे एकमेकांच्या मागे का लागतात? भांडण कसे थांबवाल?

दोन फुटी काचेची टाकी, निळा दिवा, प्लॅस्टिकची दोन झाडे आणि दुकानदाराने 'कलर बघून' जाळीने काढून दिलेले सहा मासे. वाळूजच्या बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी परिसरातल्या एखाद्या वन-रूम-किचनमध्ये मुलांच्या हट्टापायी अशी टाकी येते. पहिला आठवडा बरा जातो. मग एक नर दुसऱ्याला फिल्टरमागे कोंडून ठेवतो, लांब शेपटीच्या चिंध्या होतात, मादी एका कोपऱ्यात वर तोंड करून थांबते. सेकंड शिफ्ट करून घरी आल्यावर एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो. 'पाणी मानवले नाही' असे म्हणून औषधाची निळी बाटली आणली जाते आणि मेलेल्याच्या जागी आणखी एक रंगीत नर. पण दुखणे अनेकदा पाण्यात नसते, ते टाकीतल्या नर-मादींच्या हिशेबात असते. हा हिशेब काय, तो कसा दुरुस्त करायचा आणि जास्तीचे मासे खाम नदीत का सोडायचे नाहीत, याचा आढावा.

हे मासे नेमके कोणते?

गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वॉर्डटेल हे चौघे एकाच कुळातले. ते अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्ले देतात. म्हणून दुकानात त्यांना 'लाइव्हबेअरर' म्हणतात. मूळचे सगळे अमेरिका खंडातले. गप्पी व्हेनेझुएला, त्रिनिदाद या भागातला, तर स्वॉर्डटेल आणि प्लॅटी मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. गप्पीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५९ मध्ये विल्हेल्म पीटर्स यांनी केले. पुढे १८६६ मध्ये त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांचे नाव या माशाला देण्यात आले. शास्त्रीय नाव नंतर बदलले, पण 'गप्पी' हे नाव जगभर टिकले.

महाराष्ट्राला गप्पी नवा नाही. आरोग्य विभागाचे कर्मचारी डेंग्यू-हिवतापाच्या दिवसांत हौदात, टाक्यांत, डबक्यांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतात ते हेच गप्पी. अनेकांच्या घरात पहिला मासा दुकानातून येत नाही, तो अशा हौदातून येतो.

नर कशासाठी भांडतात?

या कुळात नराच्या पोटाखालचा मागचा पर बदलून नळीसारखा निमुळता झालेला असतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात. त्याच्या साहाय्याने नर मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. फलन मादीच्या पोटातच होते आणि मादी ते शुक्राणू काही महिने साठवूनही ठेवू शकते. त्यामुळे नराला ठरावीक हंगामाची वाट पाहावी लागत नाही. तो वर्षाचे बारा महिने, दिवसाचे जागे असलेले सगळे तास मादीच्या मागे असतो. मादी मिळवण्यासाठी दुसऱ्या नराला दूर ठेवणे हा त्याच दिनक्रमाचा भाग.

नर एकमेकांसमोर येऊन पर ताठ करतात, अंग वाकवतात, शेजारी-शेजारी पोहत आकार मोजतात. लहान नर मागे हटला तर गोष्ट तिथेच संपते. निसर्गात हरलेला नर दहा-वीस फूट लांब निघून जातो. घरच्या टाकीत तो कितीही पळाला तरी जिंकलेल्याच्या नजरेसमोरच असतो. जिंकलेल्याला वाटते, प्रतिस्पर्धी अजून हटलेला नाही. पाठलाग संपत नाही तो यामुळे.

मादीला काय सोसावे लागते?

नरांची आपसातली मारामारी डोळ्यांना दिसते. मादीला होणारा त्रास बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अॅन मॅगुरन आणि बेनोनी सेघर्स यांनी १९९४ मध्ये गप्पींवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नरांच्या सततच्या पाठलागामुळे मादीचे खाणे कमी होते हे दाखवून दिले. सफी डार्डन आणि डॅरेन क्रॉफ्ट यांनी २००८ मध्ये त्यापुढची गोष्ट मांडली. नरांपासून सुटका व्हावी म्हणून त्रिनिदादच्या ओढ्यातल्या माद्या शिकारी माशांचा धोका असलेल्या पाण्यात जातात, कारण भडक रंगाचे नर तिकडे जायला बिचकतात.

म्हणजे मादीला शिकाऱ्याचा धोका परवडतो, पण नरांचा पाठलाग नको असतो. काचेच्या टाकीत तिला असा दुसरा रस्ताच नसतो. मादी रोडावते, पर मिटून घेते, पाण्याच्या वरच्या थरात कोपरा धरून राहते. गाभण मादी अशा ताणात असेल तर ती दगावण्याचा धोका वाढतो.

चौघांपैकी कोण किती भांडखोर?

गप्पीचे नर एकमेकांना फारशी इजा करत नाहीत. त्यांचा सगळा जोर मादीवर असतो. अपवाद मिश्र टाकीचा. हौदातले साधे गप्पी आकाराने लहान आणि चपळ असतात. त्यांच्यात दुकानातला लांब शेपटीचा 'फॅन्सी' गप्पी सोडला तर त्याला शेपटीच्या ओझ्यामुळे पळता येत नाही आणि शेपटी कुरतडली जाते.

प्लॅटी तुलनेने शांत. मोलीचे मोठे नर, विशेषतः पाठीवर शिडासारखा उंच पर असलेले, जागा अडवून धरतात आणि लहान माशांना खाण्यापासून हुसकावतात.

खरी काळजी स्वॉर्डटेलची. या नरांमध्ये वरून खालपर्यंत उतरंड ठरते आणि सर्वांत वरचा नर बाकीच्यांना सतत दाबतो. शेपटीची लांब 'तलवार' लढण्यासाठी नसते, ती मादीला आकर्षित करण्यासाठी असते. चार्ल्स डार्विनने १८७१ च्या ग्रंथात लैंगिक निवडीचे उदाहरण म्हणून या माशाचा उल्लेख केला होता. लढाई तोंडाने आणि अंगाने होते. दोन फुटी टाकीत स्वॉर्डटेलचे दोन नर ठेवणे म्हणजे त्यातल्या एकाला कायमची शिक्षा.

भांडण आहे की आजार, हे कसे ओळखावे?

औषध टाकण्याआधी दहा मिनिटे टाकीसमोर शांत बसावे. एकच मासा बाकीच्यांना हुसकावत असेल, शेपटीच्या कडा तुटक आणि दातेरी असतील, हरलेला मासा नेहमी त्याच जागी (फिल्टरच्या मागे किंवा हिटरच्या खाली) लपत असेल आणि खायला टाकल्यावरही बाहेर येत नसेल, तर ते भांडण.

शेपटीची कड पांढरी किंवा लालसर होऊन झिजत चालली असेल, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके असतील, एकाच वेळी सगळे मासे सुस्त झाले असतील किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत असतील, तर आजार किंवा पाण्याची समस्या समजावी. पुष्कळदा एकातून दुसरे उद्भवते. कुरतडलेल्या शेपटीला संसर्ग होतो, मग औषध लागते. पण मारणारा नर तिथेच असेल तर औषधाने जखम भरते आणि पुन्हा होते. मेथिलीन ब्लूसारखे औषध द्यायचेच असेल तर जखमी मासा वेगळ्या टबमध्ये काढून द्यावे. मुख्य टाकीत ते टाकले तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात.

नर-मादींचे योग्य प्रमाण किती?

एका नरामागे किमान दोन, शक्यतो तीन माद्या. स्वॉर्डटेल आणि मोलीसाठी तीन ते चार. यामागचे कारण सोपे आहे. एका नराचा पाठलाग तीन माद्यांत वाटला गेला की प्रत्येकीला खायला आणि विसावायला वेळ मिळतो.

घरोघरी घडते याच्या उलट. रंग, लांब शेपटी आणि तलवार नरांकडे असते. माद्या फिकट आणि पोटाने मोठ्या. सहा मासे 'रंग बघून' घेतले की त्यात चार नर आणि दोन माद्या येतात, म्हणजे प्रत्येक मादीमागे दोन नर. टाकी घरी पोहोचण्याआधीच भांडण ठरलेले असते. त्याच सहांमध्ये दोन नर आणि चार माद्या घेतल्या तर तीच टाकी बरीच शांत राहते. स्वॉर्डटेल असेल तर एक नर आणि चार माद्या.

खरेदीच्या वेळी नर-मादी ओळखायला रंगावर जाऊ नये. पोटाखालचा मागचा पर बघावा. मादीचा त्रिकोणी, पंख्यासारखा उघडा असतो. नराचा काडीसारखा, अंगाला चिकटलेला.

फक्त नर ठेवले तर?

पिल्लांचा पसारा नको असलेल्यांसाठी गप्पीची केवळ नरांची टाकी हा चांगला पर्याय आहे. मादीच नसेल तर पाठलागाचे मुख्य कारण संपते. मात्र नियम पाळावा लागतो. नर दोन-तीन ठेवू नयेत, सहा-आठ ठेवावेत. दोघांत एक कायम हरतो. आठांत राग कोणा एकावर साचत नाही. सगळे सारख्या आकाराचे असावेत आणि मधेच एक मादी 'शोभेसाठी' आणून सोडू नये.

स्वॉर्डटेलला हा उपाय लहान टाकीत लागू पडत नाही. तिथे एकच नर ठेवणे सुरक्षित. फक्त माद्या आणल्या तरी पिल्ले होणारच नाहीत असे समजू नये. दुकानातून आलेली मादी बहुधा आधीच फळलेली असते आणि साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढचे काही महिने पिल्ले देऊ शकते.

टाकीची मांडणी कशी बदलावी?

हरलेल्या माशाला जिंकलेल्याच्या नजरेआड जाता आले पाहिजे, एवढेच सूत्र. मोकळ्या टाकीत मध्यभागी ठेवलेला कारंजाचा खेळणा किंवा एकुलता शिंपला उपयोगी पडत नाही, उलट तो बळकावायला एक जागा तयार होते.

हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, जावा मॉस यांसारख्या वनस्पतींचे दोन-तीन दाट पुंजके टाकीच्या वेगवेगळ्या बाजूंना लावावेत. पाण्याच्या वरच्या थरातही आडोसा हवा, कारण त्रासलेली मादी वरच येते. दगड आणि लाकूड असे रचावे की टाकीच्या एका टोकाकडून दुसरे टोक थेट दिसणार नाही. आडोशाला दोन तोंडे असावीत. एकाच तोंडाच्या गुहेत शिरलेला मासा आतच अडकतो.

खाणे एकाच जागी टाकू नये. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतके. एका कोपऱ्यावर ताबा मिळवलेल्या नराला दुसऱ्या कोपऱ्यातले राखता येत नाही.

आणखी एक मुद्दा शिफ्ट ड्युटीच्या घरांना लागू होतो. रात्रभर घरात दिवा असेल आणि टाकीचाही चालू असेल तर मासे विसावत नाहीत आणि पाठलाग रात्रीही चालतो. टाकीचा दिवा रोज आठ तासांच्या आसपास, ठरावीक वेळेला लावावा. थर्ड शिफ्टवाल्यांनी टाकीवर कापड टाकले तरी पुरते.

दादागिरी करणाऱ्या नराला बाहेर काढावे का?

काढावे, पण नुसते काढून भागत नाही. प्लॅटी-स्वॉर्डटेलच्या गटात एक वैशिष्ट्य आहे. टाकीत प्रबळ नर असेल तर लहान नरांची वाढ आणि वयात येणे लांबू शकते. तो काढला की दबलेला दुसरा नर रंगात येतो आणि त्याची जागा घेतो. 'मादी होती, तिला अचानक तलवार फुटली' असे सांगितले जाते तेव्हा तो मासा बहुधा मादी नसतोच. तो उशिरा वयात आलेला नर असतो. म्हणजे एक दादा गेला की दुसरा तयार होतो. प्रमाण आणि मांडणी न बदलता नर बदलत राहणे हा न संपणारा खर्च आहे.

योग्य क्रम असा. त्या नराला पाच-सात दिवस वेगळ्या टबमध्ये, हवेच्या पंपासह ठेवावे. दरम्यान टाकीतले दगड-झाडे हलवून जागा बदलावी, माद्या वाढवायच्या असतील तर त्याच वेळी आणाव्यात. नंतर दिवा बंद करून त्याला परत सोडावे. परतल्यावर त्याला ओळखीच्या खुणा सापडत नाहीत आणि आधीची हुकमत नव्याने मांडावी लागते. पुन्हा तोच प्रकार सुरू झाला तर तो मासा दुकानात परत देणे किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला देणे हाच उपाय.

वाळूजच्या पाण्याचा आणि उन्हाळ्याचा काय संबंध?

वाळूज औद्योगिक वसाहतीला जायकवाडीचे पाणी येते, तर आसपासच्या गावांत बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. या माशांच्या दृष्टीने एक गोष्ट चांगली आहे. त्यांना किंचित अल्कधर्मी, जड पाणी मानवते. मोलीला तर विशेष. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी पुष्कळदा जडच असते. 'जड पाण्यात मासे जगत नाहीत' ही समजूत या चौघांना लागू नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवावे किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत.

पाणी बेताचे असले की टाकीतले पाणी बदलणे लांबते, घाण साठते, अमोनिया वाढतो आणि ताणलेले मासे जास्त चिडखोर होतात. उपाय म्हणून टाकीतले सगळे पाणी महिन्यातून एकदा ओतून देऊ नये. आठवड्याला पाव भाग बदलावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू-दगड वजा जाता सुमारे ४५ लिटर धरले तर पाव भाग म्हणजे अकरा-बारा लिटर, एक लहान बादली. हे पाणी कुंड्यांना घातले तर वाया जात नाही. माशांच्या विष्ठेमुळे ते झाडांना मानवतेही.

या माशांना साधारण २४ ते २८ अंश तापमान योग्य. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पाणी याच्या बरेच वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांची हालचाल मात्र वाढते. पाठलाग झालेला मासा अशा वेळी लवकर दमतो. हवेचा पंप चालू ठेवणे, टाकी खिडकीच्या उन्हातून हलवणे आणि झाकणाऐवजी जाळी लावणे एवढे करता येते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटा प्रश्न, तेव्हा हिटर हवा.

जास्तीच्या माशांचे काय करायचे?

माद्या वाढवल्या की पिल्ले वाढणार. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते. एका वेळी वीस-तीस सहज, मोठी मादी त्याहून जास्त. पिल्ले महिन्याची होताच नर ओळखू येऊ लागतात. त्याच वेळी ती वेगळी करावीत, नाही तर दोन-तीन महिन्यांत टाकीत नरांची गर्दी होऊन मूळ भांडण परत येते. दाट झाडी थोडी कमी ठेवली तर मोठे मासे बरीचशी पिल्ले खाऊन टाकतात. हे ऐकायला कठोर वाटले तरी निसर्गात संख्या अशीच आवाक्यात राहते.

सर्वांत चुकीचा मार्ग म्हणजे जास्तीचे नर 'जीव वाचला' म्हणून नदीत किंवा विहिरीत सोडणे. शहरातून वाहत येणारी खाम नदी वाळूजच्या बाजूने पुढे गोदावरीकडे जाते. तिथे जायकवाडीचा नाथसागर आहे, १९८६ पासूनचे पक्षी अभयारण्य आहे आणि त्या पाण्यावर पोट असलेले मच्छीमार आहेत. गप्पी घाण, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो, एका गाभण मादीपासून वस्ती उभी राहते आणि तो स्थानिक लहान माशांची अंडी-पिल्ले व खाणे यांत वाटेकरी होतो. डासनियंत्रणासाठीच वापरला जाणारा त्याचा नातेवाईक गॅम्बुसिया तर जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे. भारतात गॅम्बुसिया १९२८ मध्ये आणला गेला. डासांसाठी गप्पी आणि गॅम्बुसिया पाण्यात सोडण्याच्या पद्धतीवर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राकडून उत्तर मागवले आहे.

बंद हौदात, आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली गप्पी ठेवणे वेगळे आणि टाकीतला नको असलेला मासा पुलावरून नदीत टाकणे वेगळे. जास्तीचे मासे दुकानात परत द्यावेत किंवा शेजारी, शाळा, मासे पाळणारे मित्र यांना द्यावेत.

सुरुवात कुठून करावी?

आज टाकीसमोर बसून नर आणि माद्या मोजा. नर जास्त असतील तर नवा मासा आणण्याआधी एक-दोन नर कमी करा. टाकीत हरलेल्या माशाला लपायला दोन तरी जागा आहेत का ते पाहा, नसतील तर झाडांचे पुंजके वाढवा. दोन्ही बाजूंना खाणे टाका, दिवा रात्री बंद करा, आठवड्याला एक बादली पाणी बदला. एवढे करून आठवडाभर थांबा. लपून बसलेली मादी खायला बाहेर आली की समजावे, हिशेब जुळला.